गाडी उभी असतानाच बघून घे

अगं बयो, गाडी घेतलीस, पूजा झाली, पेढे वाटून झाले, आता जरा माझं ऐक. शोरूममधली कोरी गाडी असो की तुझ्या गाडीसारखी दुसऱ्याच्या हातातून आलेली, तिच्या डॅशबोर्डवरची स्क्रीन कुणीतरी आधीच आपल्या सोयीने लावून ठेवलेली असते. कारखान्याने सगळ्यांना चालेल अशी लावलेली, नाहीतर आधीच्या मालकाने त्याच्या डोळ्यांना आणि त्याच्या रोजच्या रस्त्यांना सोयीची केलेली. पहिल्याच दिवशी तू सीट पुढे ओढलीस, आरसे फिरवून घेतलेस. नेव्हिगेशनच्या सेटिंगला मात्र अजून हात लावला नाहीस, कारण काहीतरी बिघडेल अशी भीती. काहीही बिघडत नाही गं. सगळं परत मूळपदावर आणायची सोय त्याच मेनूत असते. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ नकोस. गाडी तू चालवणार आहेस, तेव्हा ती तुझ्या डोळ्यांना आणि तुझ्या कानांना पटली पाहिजे.

हे एवढं आग्रहाने सांगतेय, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. ताशी साठच्या वेगात गाडी दोन सेकंदांत तेहेतीस मीटर पुढे जाते, ऐंशीच्या वेगात चव्वेचाळीस. तेवढा वेळ तू खाली बघत असलीस, तर तेवढा रस्ता न बघता कापलास. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विभागाने २०१३ साली गाडी बनवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्क्रीनकडे एका वेळी दोन सेकंदांहून जास्त बघावं लागू नये आणि एक काम बारा सेकंदांच्या आत उरकावं, असं म्हटलंय. आपल्या ट्रॅफिकमध्ये, जिथे डावीकडून रिक्षा आणि उजवीकडून दुचाकी एकदमच येतात, तिथे मला दोन सेकंदही जास्तच वाटतात. म्हणून जी काही खटपट करायची ती गाडी उभी करून. तशीही बऱ्याच गाड्यांमध्ये चाक फिरायला लागलं की अर्ध्याहून जास्त सेटिंग फिकी पडतात, दाबली तरी उघडत नाहीत. हँडब्रेक ओढला की जिवंत होतात.

एक संध्याकाळ त्यासाठी काढ. पण सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नकोस, धुराचा वायू तिथेच कोंडून राहतो. नुसती चावी फिरवून तासभर बसलीस तर बॅटरी उतरायची. मोकळ्या जागी, झाडाखाली गाडी लाव, इंजिन चालू ठेव आणि शांतपणे एकेक पान उघड.

तुझी गाडी वापरलेली आहे, म्हणून पहिलं काम आधीच्या माणसाला तिच्यातून निरोप देण्याचं. त्या स्क्रीनमध्ये त्याचं घर, त्याचं ऑफिस, मुलांची शाळा, तो अलीकडे कुठे कुठे जाऊन आला ती ठिकाणं, फोनबुकातली नावं, ब्लूटूथला जोडलेले फोन, हे सगळं पडून असतं. त्याचं ते त्याचं, आपण वाचत बसायचं नाही. सिस्टिमच्या पानावर सगळ्यात खाली सगळं पुसून मूळपदावर आणायचा पर्याय असतो, तो आधी कर, कारण नंतर केलास तर तू लावलेलं सगळंही पुसलं जाईल. गाडीचं कनेक्टेड ॲप असेल, तर नुसतं स्क्रीन पुसून भागत नाही. ते खातं कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि आधीच्या मालकाच्या फोनवर तुझी गाडी कुठे उभी आहे ते दिसत राहू शकतं. डीलरकडून ते खातं त्याच्या नावावरून काढून घे, झालं की नाही ते विचारून घे, आणि ॲपमध्ये गाडी तुझ्या एकटीच्या नावावर दिसतेय ना, हे डोळ्यांनी बघ. हे मात्र मनावर घे.

आणि स्वतःचं "घर" टाकताना दाराचा पत्ता टाकू नकोस. जवळचा चौक टाक, नाहीतर कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान टाक. शेवटचे दोनशे मीटर तुला नकाशा लागत नाही. पण हॉटेलच्या दारात किल्ली देतेस, सर्व्हिसिंगला गाडी दिवसभर सोडतेस, धुवायला कुणाच्या हाती देतेस, तेव्हा "घर" या बटणावर एक बोट ठेवलं की तुझं दार कुणालाही सापडायला नको. रात्रीबेरात्री एकटी ये-जा करणाऱ्या बाईने एवढी काळजी घ्यावी असं मला वाटतं.

आता प्रदेश, वेळ आणि भाषा. प्रदेशाच्या खान्यात भारत निवडलेला आहे का ते बघ, कारण त्या एका निवडीवर खालच्या पुष्कळ गोष्टी ठरतात: तारीख दिवस-महिना अशी दिसणार की महिना-दिवस, मैल की किलोमीटर, घड्याळ कुठल्या देशाचं. घड्याळ ही दिसायला किरकोळ बाब आहे, पण पोहोचण्याची वेळ त्याच्यावरच बेतलेली असते. गाडी वेळ घेते ती वीस हजार किलोमीटरवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांकडून, आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवून दाखवते. उपग्रहांची वेळ बिनचूकच असते, चुकते ती मिळवणी. म्हणून घड्याळ बरोब्बर अर्ध्या तासाने किंवा काही तासांनी पुढेमागे दिसलं, तर काटे हाताने फिरवत बसू नकोस. टाइमझोन उघड, भारत निवड आणि उन्हाळी वेळेचा पर्याय चालू असेल तर बंद कर, आपल्याकडे तो प्रकार नाही.

तुझी गाडी थोडी जुनी आहे म्हणून आणखी एक सांगते. तारीख एकदम एकोणीस-वीस वर्षांपूर्वीची दिसत असेल तर घाबरू नकोस. जीपीएस आठवडे मोजतं, आणि जुन्या पद्धतीत ही मोजणी १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये ती तशी आली आणि ज्या जुन्या यंत्रांना ते समजावून दिलेलं नव्हतं त्यांच्या तारखा मागे गेल्या. रस्ता दाखवण्यात सहसा फरक पडत नाही, पण सॉफ्टवेअर नवं करून घ्यायला हवं आहे, एवढं त्यावरून ओळखायचं.

भाषेचं म्हणशील तर एकाच गाडीत ती तीन ठिकाणी असते: मेनूची, नकाशावरच्या नावांची आणि बोलणाऱ्या आवाजाची. तिन्ही एकच असली पाहिजेत असं काही नाही. मेनू इंग्रजी राहिला तरी चालतं, उलट सर्व्हिस सेंटरवाल्याशी बोलताना तेच सोपं जातं. आवाज मात्र तुझ्या कानात सगळ्यात लवकर शिरणाऱ्या भाषेत हवा. आई शेजारी बसणार असेल आणि तिलाही कळावं असं वाटत असेल, तर मराठी मिळत असेल तिथे मराठीच ठेव. गाडीच्या स्वतःच्या नकाशात बहुतेक वेळा इंग्रजी आणि हिंदीच असते. फोन जोडून फोनमधला नकाशा स्क्रीनवर आणलास तर आवाजाची भाषा फोनमध्ये निवडायची, गाडीत शोधत बसू नकोस. भाषा बदलण्याआधी तो पर्याय मेनूत वरून कितवा आहे आणि त्याच्यासमोर कुठलं चित्र आहे ते बघून ठेव. चुकून कोरियन किंवा अरबी निवडलं गेलं तर त्याच खुणेने परत येता येतं.

मापांकडे लोक बघतच नाहीत. अंतर किलोमीटरमध्ये असणार, ते ठीक. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ सालीच झाला आणि १९५८ पासून ती मापं टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे मैलात विचार करायची सवय आपल्या पिढीला नाही. तुझी लंडनची नणंद आली आणि तिने गाडी घेतली, तर ती मैल लावेल आणि जाताना तसंच ठेवून जाईल. मग "वळण अर्ध्यावर" म्हणजे पाचशे मीटरवर नाही, आठशे मीटरवर. तेवढ्यात वळणाची तयारी फसते.

त्याच पानावर टायरच्या हवेचं माप असतं, तिकडे लक्ष दे. तुझ्या गाडीत टायरचा दाब स्क्रीनवर दिसत असेल आणि तो २२० किंवा २३० असा दिसत असेल, तर ते किलोपास्कल आहेत. पंपावरचा माणूस "किती भरू?" विचारतो तेव्हा त्याला हवा असतो पीएसआयमधला आकडा, बत्तीस किंवा तेहेतीस. २२० किलोपास्कल म्हणजे साधारण बत्तीस पीएसआय. कुठे २.२ असा आकडा दिसला तर तो बार, म्हणजे तेही तितकंच. माप पीएसआय करून टाक आणि तुझ्या गाडीला किती हवा लागते ते चालकाच्या बाजूच्या दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर वाच. मग कुणी "ताई, चाळीस भरतो, ॲव्हरेज चांगलं मिळतं" म्हणालं तर ठामपणे नाही म्हणता येईल. जास्त हवेचा टायर ओल्या रस्त्यावर कमी पकड देतो. ॲव्हरेजही तसंच: शंभर किलोमीटरला किती लिटर, असं दिसत असेल तर आकडा जितका लहान तितकं चांगलं. स्क्रीनवर ५.६ दिसलं म्हणजे लिटरला जवळजवळ अठरा किलोमीटर. आपल्याला लिटरला किती याचीच सवय, म्हणून तेच लाव.

आता उजेड. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण रात्रीच्या प्रवासात याच्याइतका त्रास दुसऱ्या कशाने होत नाही. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. दिवे नसलेल्या घाटरस्त्यावर तू हळूहळू कडेचे दगड, झाडं, रस्त्यात बसलेली गुरं ओळखायला लागतेस, आणि दर थोड्या वेळाने पांढऱ्याशुभ्र नकाशाकडे नजर गेली की ती कमाई जाते. परत वर बघतेस तेव्हा रस्ता आधीपेक्षा काळा. समोरून डिपर न देता येणाऱ्या ट्रकला आपण बोल लावतो, पण आपल्याच डॅशबोर्डवरची झगझगीत स्क्रीन संपूर्ण प्रवासभर तेच करत असते. वय वाढतं तसे डोळे झगझगाटातून सावरायला जास्त वेळ घेतात, तेव्हा पन्नाशीनंतर याकडे आणखीच लक्ष दिलं पाहिजे.

म्हणून नकाशाला दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन रंग असतात, आणि त्यांच्यासमोर तीन पर्याय असतात: आपोआप, कायम दिवस, कायम रात्र. बहुतेकांचं "आपोआप"वर असतं आणि ते चांगलंच आहे, पण ते कशावरून ठरतं ते समजून घे. काही गाड्या उजेड मोजतात. काही सूर्यास्ताच्या वेळेवर जातात, तिथे पुन्हा टाइमझोन बरोबर लागतो. आणि पुष्कळ गाड्या बघतात ते एवढंच, की हेडलाइट लागलेत की नाही. यातली शेवटची तऱ्हा पावसाळ्यात त्रास देते. जुलैत भर दुपारी ताम्हिणी घाटात ढग उतरतात, तू शहाण्यासारखी दिवे लावतेस, आणि गाडी समजते रात्र झाली. स्क्रीन एकदम मंद होते, बाहेर राखाडी उजेड भरपूर असतो, आणि नकाशावर काहीच दिसत नाही. मग बाया आणि पुरुष दोघंही काय करतात? दिवे बंद करतात. तसं कधी करू नकोस. त्या धुक्यात समोरच्याला तू दिसायलाच हवीस. दिवे चालूच ठेव आणि नकाशा "कायम दिवस"वर टाक. ते बटण कुठे आहे ते आजच शोधून ठेव. काही गाड्यांमध्ये मीटरचा उजेड कमीजास्त करायचं छोटं चाक स्टिअरिंगजवळ असतं, ते पूर्ण वर फिरवलं की स्क्रीनही दिवसासारखी उजळते. तुझ्या गाडीत तसं आहे का ते करून बघ.

दुसरी गोष्ट, दिवसाचा उजेड आणि रात्रीचा उजेड यांची पातळी गाडी वेगवेगळी लक्षात ठेवते. म्हणजे दुपारी बसून तू ब्राइटनेस कितीही कमी केलास तरी तो दिवसाचाच कमी झाला, रात्रीचा होता तेवढाच राहिला. रात्रीचा लावायचा तर अंधार पडल्यावर, नाहीतर दिवे लावून, नकाशा काळा झाल्यावरच लावायचा. तुला मी संध्याकाळ काढ म्हटलं ते म्हणूनच: उजेड आहे तोवर दिवसाची पातळी लावून घे आणि अंधारल्यावर रात्रीची. रात्रीची किती? वळणाचा बाण आणि रस्त्याचं नाव वाचता येईल इतकी, आणि काचेत स्क्रीनचं प्रतिबिंब उमटणार नाही इतकी. दोन्हीचा मेळ बसत नसेल तर अक्षरं मोठी कर, उजेड वाढवू नकोस. गाणी चालू नसतील तेव्हा उगाच फिरत राहणारं घड्याळ किंवा अल्बमचं चित्र असेल तर तेही बंद. आणि उन्हाचा चष्मा घालून स्क्रीन काळी दिसली, तर स्क्रीन गेली असं समजू नकोस. चष्मा पोलराइज्ड असेल तर काही स्क्रीन त्यातून काळवंडतात. मान किंचित तिरकी करून बघ, लगेच कळेल.

नकाशा कुठल्या दिशेला वर धरायचा यावर घरोघरी मतभेद आहेत. शाळेतल्या भिंतीवरचा नकाशा उत्तर वर असा असायचा, आणि भूगोल पक्का असलेल्या माणसांना तोच भावतो. चालवताना मात्र माझं मत स्पष्ट आहे: गाडीचं तोंड वर. पुण्याहून कोकणात उतरताना, दक्षिणेकडे जाताना, उत्तर वर ठेवलेल्या नकाशात तुझी गाडी खाली खाली सरकते आणि डावं वळण स्क्रीनवर उजवीकडे दिसतं. त्या क्षणी डोक्यात उलटसुलट करायला वेळ नसतो. निघण्याआधी घरी पूर्ण रस्ता बघायचा असेल तेव्हा उत्तर वर ठेव, गावं एकमेकांपासून कशी आहेत ते नीट कळतं. उभ्या-तिरक्या देखाव्यातला, इमारती उंच दिसणारा नकाशा शहरात सुंदर दिसतो, पण गल्ल्या एकमेकींमागे लपतात. मला सपाट बरा वाटतो. नकाशावरची चित्रंही कमी कर. हॉटेलं, दुकानं, एटीएम, बँका सगळं काढून टाक, पेट्रोल पंप आणि दवाखाने ठेव. वळणाजवळ नकाशा आपोआप मोठा होण्याचा पर्याय चालू ठेव. घाटात एकामागोमाग वळणं येतात तेव्हा पुढचं वळण किती आवळलेलं आहे ते आधी दिसलं की गिअर वेळेवर उतरवता येतो.

आवाजाबद्दल थोडंच. नेव्हिगेशनच्या आवाजाची पातळी गाण्यांपासून वेगळी असते, आणि बऱ्याच गाड्यांत ती बाई बोलत असतानाच बटण फिरवलं तर तिचाच आवाज कमीजास्त होतो, एरवी गाण्यांचा. म्हणून "आवाज वाढवला तरी ऐकू येत नाही" अशी तक्रार सगळेच करतात. शेवटची सूचना पुन्हा ऐकवायचं बटण असतं, ते दाब आणि ती बोलत असताना पातळी लाव. आवाज नीट लागला की खाली बघायची गरजच निम्मी होते. वेगमर्यादेचा इशारा नकाशाही देतो, तो हवा तर ठेव. १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांमध्ये ऐंशीच्या पुढे अधूनमधून आणि एकशेवीसच्या पुढे सतत वाजणारी सूचना मात्र गाडीचीच असते, नियमाने बसवलेली, तिच्याशी नकाशाचा संबंध नाही. नकाशावरचा वेग मीटरपेक्षा थोडा कमी दिसतो तेही ठीकच आहे. मीटर खऱ्या वेगाहून कमी दाखवणार नाही असाच बनवलेला असतो.

आता रस्त्याची निवड. तू दर महिन्याला आईला घेऊन गुहागरला जाणार म्हणतेस, तर हे पान पूर्ण वाच. "सगळ्यात जवळचा" आणि "सगळ्यात लवकरचा" असे दोन पर्याय असतील तर जवळचा कधीही निवडू नकोस. दोन किलोमीटर वाचवायला तो तुला वस्तीतल्या अरुंद बोळांतून, उसाच्या फडांमधल्या वाटेने नेतो, जिथे समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घ्यायला जागा नसते आणि रात्री विचारायला माणूस नसतो. कच्चे रस्ते टाळायचा पर्याय असेल तर तो चालू. टोल टाळायचा पर्याय बंद. टोलचे पैसे वाचतात, पण आईची पाठ आणि तुझा वेळ जातो.

फेरीबोट टाळायच्या पर्यायाचं मात्र तुला दर वेळी ठरवावं लागेल. कोकणच्या किनाऱ्याने जायचं तर खाड्या आडव्या येतात, आणि त्या ओलांडायला गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत: दिघी ते आगरदांडा, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळच्या जेटीवर गाडी चढवलीस की वाशिष्ठीच्या पलीकडे धोपावे, आणि पुढे गुहागर जवळच. तोच पर्याय "टाळा"वर राहिला, तर नकाशा बिचारा तुला खेड-चिपळूणवरून मोठा वळसा घालून नेईल, आणि तुला वाटेल दुसरा रस्ताच नाही. उलट बाजूही आहे. बोट रात्रभर चालत नाही, आणि समुद्र खवळला की बंद राहते. संध्याकाळी उशिरा निघालीस आणि बोटीचा रस्ता चालूच राहिला, तर नकाशा तुला काळोखात रिकाम्या जेटीवर नेऊन उभं करेल. म्हणून निघताना शेवटची बोट किती वाजता आहे ते विचार, पोहोचायची वेळ बघ, आणि मग टाळायचं की नाही ते ठरव. पुलांचंही तसंच. २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावरून रात्री नकाशाच्या भरवशावर एक गाडी गेली आणि त्यात माणूस दगावला. नकाशावर रस्ता दिसतो, त्यावर पाणी किती आहे ते दिसत नाही. पाणी वाहताना दिसलं की थांबायचं, आवाज पुढे जा म्हणत असला तरी.

ठिकाण टाकताना घाई नको. एकट्या पुण्यात वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे, आणि थोडं पुढे वडगाव मावळ. खेड म्हटलं की एक राजगुरुनगरचं आणि एक रत्नागिरी जिल्ह्यातलं, तुझ्या वाटेवरचं. यादीत पहिलं आलेलं नाव दाबू नकोस, खालचा तालुका आणि जिल्हा वाच, मग अंतराचा आकडा बघ. आकडा आपल्या अंदाजाशी जुळत नसेल तर गाव दुसरंच आहे. गाडीतल्या मेमरी कार्डावरचा नकाशा जुना असेल तर त्यात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर सापडणार नाहीत, जुन्या नावांनी शोधावं लागेल. इंग्रजी स्पेलिंग नीट ठाऊक नसेल तर पिनकोड टाक. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची व्यवस्था आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवली. ते टपाल खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. एकसारख्या नावांच्या गावांनी आणि वेगवेगळ्या लिप्यांनी पत्रं चुकत होती, त्यावरचा तो उपाय पन्नास वर्षांनी तुझ्या गाडीतही उपयोगी पडतो. महाराष्ट्रातला आणि गोव्यातला पिन चारने सुरू होतो, तेव्हा पहिला आकडा दुसरा दिसला तर तिथेच थांब. पिनने घर सापडत नाही, परिसर सापडतो, पण चुकीच्या जिल्ह्यात जाणं टळतं.

कुणी अक्षांश-रेखांश पाठवले तर ते कुठल्या पद्धतीने लिहिलेत ते बघ. सेटिंगमध्ये दोन पद्धती असतात, एक दशांशाची आणि एक अंश-मिनिटांची. गुहागरचा अक्षांश साधारण १७.४८ आहे. तोच तू १७ अंश ४८ मिनिटं म्हणून टाकलास तर पस्तीसेक किलोमीटर उत्तरेला, खाडीच्या पल्याड दापोलीच्या बाजूला जाशील. मिनिटं साठ असतात, शंभर नव्हे, त्यामुळे हा घोळ. फोनवरून येणारे आकडे बहुतेक दशांशाचे असतात, म्हणून गाडीतही दशांशच लाव.

शेवटचं, रेंज. फोनमधला नकाशा वापरणार असशील तर घाटात नेटवर्क जातं हे धरूनच चाल. रस्ता आधी सुरू केलेला असेल तर तो पुढे दिसत राहतो, पण एक वळण चुकलं की नवा रस्ता काढायला त्याला इंटरनेट लागतं. घरच्या वायफायवर पुण्यापासून गुहागरपर्यंतचा पट्टा उतरवून ठेव, ताम्हिणी, माणगाव, महाड, मंडणगड, दापोली, चिपळूण सगळं त्यात येऊ दे, आणि चौकोन थोडा मोठाच घे म्हणजे वाट बदलावी लागली तरी नकाशा संपणार नाही. उतरवलेला नकाशा काही काळाने आपोआप शिळा होतो, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री एकदा ताजा कर. गाडीतला स्वतःचा नकाशा असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी तो कुठल्या वर्षाचा आहे ते विचार आणि नवा भरून घे. त्यासाठी पैसे मागितले तर आधी मला फोन कर, तुझ्या वॉरंटीच्या कागदांत ते धरलेलं आहे का ते आपण दोघी मिळून बघू.